भुशाच्या शेगडीवरचा बटाटा

प्रेशर कुकर या वस्तूवर मनापासून राग असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतर आम्ही नाशिकरोडला, एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आलो. सामानात आईने दिलेला नवाकोरा कुकर होता. पहिल्याच सकाळी मी डाळ लावली, तिसरी शिट्टी झाली आणि दारात घरमालक उभे. उघडेबंब, कमरेला टॉवेल आणि डोक्याला माकडटोपी. दिवस ऐन उन्हाळ्याचे होते.

"बाई, आमच्या प्लांटात शिट्टी वाजली की माणसं जीव घेऊन पळायची," ते म्हणाले. "तुमच्याकडं शिट्टी वाजली की ताटं घेतात. कमाल आहे."

मी येवल्याची, ऐकून घेणाऱ्यातली नव्हेच. म्हटलं, "काका, मला शाळेत पहिल्या तासाला उभं राहायचं असतं. तुमच्यासारखी मला पेन्शन नाही."

ते म्हणाले, "वाजवा. पण दार लावून वाजवा." त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्यांचं सगळं आयुष्य वीजकेंद्रातल्या बॉयलरवर गेलं होतं. एका कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायचे, "एक कान सरकारला दिला, एक बायकोला ठेवलाय." दुसरा कान मात्र भलताच तिखट. अंगणात पातेलं चढवलं की ते एक लांब लाकडी दांडा घ्यायचे, त्याचं एक टोक झाकणाला लावायचे, दुसरं त्या चांगल्या कानाला, आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. प्लांटात यंत्राच्या पोटात काय चाललंय ते असंच ऐकायचे म्हणे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही. ते डोळे न उघडताच म्हणाले, "कांदा सुटला. बटाटा अजून रागात आहे."

त्यांची शेगडी भुशाची होती. जवळच लाकडाची वखार होती, तिथून पोतं भरून भुसा आणायचे. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासून ठासून भरायचा, मग बाटली अलगद ओढून काढायची आणि खालच्या भोकातून चिंधी पेटवून सरकवायची. ज्वाळा नाही, धूर नाही, नुसती धग. सकाळी पेटवली की दुपार कलंडेपर्यंत मंद जळत राहायची. "आग लावायला अक्कल लागत नाही, बाई," ते म्हणायचे. "तिला हळू बोलायला शिकवायचं असतं."

आणि त्या शेगडीवर दर रविवारी एकच पदार्थ व्हायचा. कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात खाली अर्धे चिरलेले बटाटे, त्यावर कांदा, वर कोंबडीचे तुकडे, ठेचलेलं आलं-लसूण, मिरे आणि मीठ. पाण्याचा थेंब नाही. झाकण ठेवून कडेला कणीक लिंपायची. एकदा लिंपली की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी झाकण उघडायचं नाही. शेवटी कणीक फोडून म्हशीच्या दुधाची दोन-तीन दिवस साठवलेली साय घालायची आणि हलक्या हाताने ढवळायचं, की झालं. त्यांचे वडील देवळाली कॅम्पात एका पारशी बाईंच्या बंगल्यावर माळीकाम करायचे, तिथे काकांनी लहानपणी हे चाखलं होतं. आमच्या भागात कोंबडी म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री आणि नाकातून पाणी. हे पांढरंफटक प्रकरण बघून गल्लीतली माणसं विचारायची, "काका, आजारी कोण आहे घरात?" ते शांतपणे म्हणायचे, "तुम्ही. अजून कळलं नाही तुम्हाला." रविवारी एक वाटी आमच्याकडे यायची. मांस हाडावरून आपोआप सुटलेलं असायचं, पण खरी गंमत त्या बटाट्यात होती. कोंबडीचा सगळा जीव त्याने ओढून घेतलेला असायचा. आमचे हे बटाट्यांवरून माझ्याशी भांडायचे.

एवढा सोहळा अंगणात का, घरात का नाही, हे मला काकूंनी सांगितलं. काकू चांदवडकडच्या. बोलणं सरळसोट, आवाज खणखणीत. त्यांचा एकुलता एक मुलगा पिंट्या लहानपणी मेंदूज्वराने बेशुद्ध पडला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते, काका ड्युटीवर होते. काकूंनी तिथेच दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून गडावरच्या देवीला हात जोडले आणि बोलून गेल्या, पोरगं उठू दे, कोंबडी-मटण जन्मात तोंडाला लावणार नाही. पोरगं उठलं.

"मला लय आवडायची गं," काकू मला म्हणाल्या. "नळी तर म्या अशी ओढायची की सासू हसायची. आवडती म्हणून तर सोडली. नावडतं सोडून देवी काय पोरगं देती व्हय?"

तेव्हापासून काकूंनी ते शिजवणंही सोडलं. यांना खायचं तर यांनी बाहेर करावं, वेगळ्या भांड्यात. म्हणजे काकांची ही पांढरी कोंबडी काकूंच्या नवसातून जन्माला आली होती, आणि काकूंनी ती कधी बोटावरसुद्धा घेतली नव्हती. काका चिडवायचे, "तुझ्या देवीला दसऱ्याला बोकड चालतो आणि तुला कोंबडी चालत नाही, हे कुठलं गणित?" काकू म्हणायच्या, "ते आमचं आमच्यात हाय. तुम्ही दांडा लावून आयका." दर नवरात्रात त्या पिंट्याला घेऊन गडावर जायच्या. तो मोठा झाला, कांद्याची पिकअप चालवायला लागला, तरी जायच्या. काका कधी गेले नाहीत.

मग काकूंना खोकला धरला. आधी कोरडा, मग संध्याकाळचा बारीक ताप, मग अंगावरचं मांस असं उतरायला लागलं की बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. क्षय निघाला. औषधं सुरू झाली, पण औषधं पेलायला अंगात काही हवं ना. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, कोंबडी द्या, नाहीतर गोळ्याच हिला खातील. काकूंनी साफ नाही म्हटलं. "गोळ्या घेते, सुया टोचा. ते नाय. आणि अंडं बी त्यातलंच." मी सांगून पाहिलं, शेजारणींनी सांगून पाहिलं. डाळ, दूध, शेंगदाणे यातलं काही पोटात ठरत नव्हतं. पिंट्या तर पायाशी बसला. म्हणाला, "आई, मी एवढा घोडा झालो. तू दोन घास खाल्ले तर मला काय होणारे?" काकूंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि त्या रडायला लागल्या. "म्या खाल्लं तर तू जाशील. म्या गेले तर चालंल," एवढंच म्हणाल्या. त्यांच्यापुरता विषय तिथे संपला.

काका त्या समजावण्यात पडले नाहीत. दर आठवड्याला ते काकूंना रिक्षात घालून वखारीत न्यायचे आणि लाकडं मोजायच्या काट्यावर उभं करायचे. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, तो औषधवाल्यांना सामील असतो म्हणायचे. वखारवाला हसायचा. काका हसायचे नाहीत. परत येताना आकडा कुणालाही सांगायचे नाहीत, पण त्यांच्या चालण्यावरून मला कळायचं.

असं काही दिवस चाललं आणि एक दिवस ते माझं पुरणयंत्र मागायला आले. काकूंना गिळायला सोपं म्हणून बटाटा मऊ करून देतो म्हणाले. मी दिलं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा शेगडी पेटायला लागली. पातेलं पहिल्यापेक्षा जास्त वेळ राहायचं, पार उन्हं उतरेपर्यंत. मग ते मागच्या पडवीत दार ओढून घ्यायचे आणि पुरणयंत्राचा आवाज यायचा. काकूंसाठी वाटीभर पांढरा लुसलुशीत लगदा, वर साय आणि जिऱ्याची फोडणी. काकू चमच्याने खायच्या. आधी दोन चमचे, मग अर्धी वाटी, मग वाटी निपटायला लागल्या. कोंबडीचा वास अंगणात वर्षानुवर्षांचा, त्याचं कुणाला काय वाटणार. मला म्हणाल्या, "यांच्या हातचा बटाटा काय लागतो गं. एवढी वर्सं म्या निस्ता वासच घेतला."

होळीला पुरण करायचं म्हणून मी यंत्र परत आणलं. घासायला घेतलं तर चाळणीच्या कडेला एक पांढरा धागा अडकलेला. ओढून काढला. बटाट्याला धागा नसतो. मी पुरण पातेल्यात तसंच ठेवलं आणि तडक अंगणात गेले.

"काका, हे काय आहे?"

त्यांनी धागा बघितला. मग डोक्यावरची माकडटोपी काढली. मी त्यांचं डोकं पहिल्यांदा बघत होते, पार टक्कल पडलं होतं. "पाहिलंत तर पाहिलंत," ते म्हणाले.

"काकूंना कळलं तर मारतील तुम्हाला."

"मारू दे. मारायला अंगात ताकद तर येईल."

"आणि नवस?"

"नवस तिनं केलाय. तिनं तो मोडलेला नाही, मी मोडलाय. देवीला काय बघून घ्यायचं असेल तर माझ्याशी बघावं. मी इथंच आहे, अंगणात."

मी पुरणयंत्र त्यांना कायमचं देऊन टाकलं आणि स्वतःला नवं आणलं. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं आणि आजही वाटतं. कुणी वेगळं म्हणालं तर मी भांडायला तयार आहे.

काकू उठल्या. बांगड्या मनगटावर परत आल्या. औषधांचा कोर्स संपला तेव्हा डॉक्टर म्हणाले, औषधांना छान उत्तर दिलं शरीराने. काका माझ्याकडे बघून गालात हसले. वखारीतून आले ते छाती काढून आले. शेगडीवरचा तो बटाटा बंद झाला, काकू स्वतः भाकऱ्या थापायला लागल्या. पिंट्यासाठी मुलगी बघायला सुरुवात झाली होती.

उन्हाळ कांद्याच्या गडबडीत पिंट्या गेला. चांदवडहून भरून निघाला होता, राहुड घाटात टायर फुटला आणि गाडी पलटी झाली. घरी आणला तेव्हा अंगणात भुशाची शेगडी पडली होती, कुणीतरी ती उचलून बाजूला ठेवली. मला त्या दिवसाचं फारसं सांगवत नाही.

काकू रडल्या नाहीत. भेटायला येईल त्या प्रत्येक बाईला त्यांचा एकच प्रश्न असायचा. "मी काय कमी केलं? बोटाला लावलं नाय. मरायला टेकले, तरी लावलं नाय. मग कशापायी नेलं?" बायका काहीबाही बोलायच्या, दैव, प्रारब्ध. काकू ऐकायच्या आणि पुढच्या बाईला तेच विचारायच्या. काका दाराबाहेर पायरीवर बसलेले असायचे. चांगला कान घराकडे.

तेराव्यानंतर एक दिवस काकूंनी भिंतीवरचा देवीचा फोटो काढला आणि बाजरीच्या रिकाम्या कोठीत टाकून वर झाकण लावलं. दिवा लावणं बंद केलं. खाणंही जवळजवळ बंद झालं. समोर ठेवलं तर दोन घास, नाही ठेवलं तर तेही नाही. त्या परत वाळायला लागल्या. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की असंच राहिलं तर जुनं दुखणं उलटेल, आणि या वेळी औषधाला जोर राहणार नाही.

काका एक दिवस माझ्या दारात आले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. टायर फुटण्याचा आणि बटाट्याचा काय संबंध?"

"काही नाही, काका."

"मीही तेच म्हणतो," म्हणाले आणि गेले. दोन दिवसांनी परत आले आणि तेच विचारलं. मी तेच सांगितलं. पुढे पुढे ते विचारायचेसुद्धा नाहीत, नुसते दारात उभे राहायचे आणि मीच म्हणायची, "काही नाही, काका." मग ते जायचे.

पाऊस उघडला होता. एका सकाळी काकू अंगणात आल्या आणि आम्हा दोघांसमोर म्हणाल्या, "आज कोंबडी करा. ज्याच्यासाठी सोडली व्हती त्यो गेला. आता कुणाचं राखू? तुमची ती पांढरी करा, सायीची."

दुसरं कुणी असतं तर आनंद झाला असता, बाई खायला मागतेय. काकांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमचा कुकर द्या. आणि काळा मसाला द्या, हात सैल सोडून द्या."

मला सगळं कळलं. मी दोन्ही दिलं. त्या घरात कुकर पहिल्यांदा चढला. पहिली शिट्टी झाली तशा काकू भिंतीला धरत बाहेर आल्या.

"ही शिट्टी कुणाची?"

"म्हटलं तुला भूक लागली असेल," काका म्हणाले. "लवकर होईल."

काकू म्हणाल्या, "एवढी वर्सं थांबले, आणखी दिसभर थांबंन. ते काढा खाली. शेगडी पेटवा."

कुकरमधलं आमच्याकडे आलं. काका पुन्हा कोंबडी आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आल्यावर त्यांनी भुसा भरला, बटाटे चिरले, कणीक लिंपली. मला शाळेला सुट्टी होती, मी काकूंजवळ बसून राहिले. काका शेगडीजवळ उकिडवे बसले होते. त्या दिवशी त्यांनी दांडा एकदाही हातात घेतला नाही. भुसा जळून खाली बसला, वास सगळ्या अंगणात पसरला, वेळ होऊन गेली तरी ते उठेनात. शेवटी काकूच उठल्या. उलथन्याने कणीक फोडली, साय घातली, ढवळलं आणि तीन ताटं वाढली.

त्यांनी आधी कोंबडीला हात लावला नाही. सवयीने बटाटा घेतला, बोटांनी चेपला आणि तोंडात घातला. चावता चावता थांबल्या. तोंडातला घास तसाच. मग गिळला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा तर माझा बटाटा हाय. दुखण्यातला."

माझ्या तोंडात खोटं तयार होतं. काकू, एकच पातेलं, एकच हात, बटाटा सारखाच लागणार, असं मी म्हणायलाही लागले. काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"हो," ते म्हणाले. "तुझाच आहे."

"तवा बी हेच घालत व्हता?"

"हो."

"पुरा वेळ?"

"औषधं होती तोवर. पुरा वेळ."

मला वाटलं, आता ताट फेकून मारतील. काकूंनी ताट मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मग देवीचं काय चुकलं नाय."

"नाही," काका म्हणाले. "तिचं काही नाही. सगळं माझं आहे."

काकूंनी ताट बाजूला सारलं. नळावर जाऊन बराच वेळ हात धुतले, चुळा भरल्या. बाजरीची कोठी उघडून फोटो काढला, पदराने पुसला आणि परत खिळ्याला लावला. दिवा लावला. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा रडल्या, त्या फोटोसमोर. आम्ही दोघं अंगणात तसेच बसलो होतो, पुढ्यात भरलेली ताटं.

"का सांगितलंत?" मी विचारलं. मला त्यांचा रागच आला होता. "एक खोटं पुरलं असतं, काका."

"ती रोज विचारत होती ना, मी काय कमी केलं," ते म्हणाले. "कुणाकडं उत्तर नव्हतं, बाई. माझ्याकडं होतं."

"ते उत्तर नाही. टायरचा आणि बटाट्याचा काही संबंध नाही."

"तुमच्या-माझ्यात नाही," म्हणाले आणि शेगडीवर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी भाकरी थापली आणि स्वतः खाल्ली. पुढच्या नवरात्रात त्या एकट्याच गडावर गेल्या. काकांशी त्या बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वेळेवर वाढलेलं, कपडे धुतलेले, फक्त शब्द नाही. काकांनी भुशाची शेगडी पुन्हा पेटवली नाही. ती कोपऱ्यात गंजली आणि पुढे भंगारात गेली.

आम्ही नंतर इंदिरानगरला फ्लॅट घेतला. येणं-जाणं कमी झालं. एकदा बऱ्याच वर्षांनी, तोवर घरोघरी मोबाइल आले होते, मी दुपारची त्यांच्याकडे गेले. काका जेवायला बसले होते. डोक्याला तीच माकडटोपी, आता दुसरा कानही गेलेला. काकूंनी माझी चौकशी केली, चहा टाकला, काकांच्या ताटात त्यांच्याकडे न बघता पालेभाजी वाढली आणि त्या आत गेल्या. आतून कुकरची शिट्टी झाली. काकांना ती ऐकू आली नाही.

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "कसं चाललंय, काका?"

त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली करून, निदान त्यांना तो खाली वाटत असावा, म्हणाले, "वजन वाढलंय तिचं. बघितलंत का?"